ओढ्यातले डोळे

“खोटं नाय सांगत वयनी. आमी समदी लग्नाला गेलेलो. सकाळी त्याच दगडांवर पाय देऊन वडा वलांडला, तवा ते दगडच व्हते. सांजच्याला परत आलो, तर नवांच्या नव दगडांनी डोळं उघडलेलं.”

चंद्राबाई ओटीवर बसून सांगत होती. पुढ्यात तुपाची किटली होती आणि किटलीवरचं फडकं सोडायचं ती विसरली होती. कापडे गावाच्या वर डोंगरात तिची वाडी. म्हशी राखायच्या, थोडं भात-नाचणी पिकवायची आणि महिन्यातून एकदा एस.टी.नं महाडला येऊन ठरलेल्या चार घरी तूप घालायचं, हा तिचा पंधरा वर्षांचा नेम. तिखटमीठ लावून सांगणारी ही बाई नव्हे. नवरा गेला तेव्हासुद्धा तिनं ह्याच ओटीवर बसून ते एका वाक्यात सांगितलं होतं आणि दुसऱ्या वाक्यात तूप किती घालू म्हणून विचारलं होतं.

“अगं, कुणीतरी रंगवले असतील,” अनुपमाबाई म्हणाल्या.

“कोन रंगवतो आमच्या रानात येऊन? नि तसलं डोळं?” चंद्राबाईचा आवाज खाली आला. “बगतायत वयनी. अल्याड उभं ऱ्हावा, पल्याड उभं ऱ्हावा, आपल्याकडंच बगतायत. म्हशी पान्यात उतरत नायत. माझा ल्योक सखा येवडा दांडगा, पर तोबी एकला जात नाय तिकडं.”

“मग आता ओढा ओलांडता कसा?”

“बाजूनं, पान्यातनं. देवीवर पाय कसा द्यायचा? गुडघ्याएवढं पानी हाय नि खाली निसतं शेवाळ. पर आलीय ती आमच्याकडं, मग तिचं राखाय नको?”

आतल्या खोलीत शरद मास्तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं नखांतला काळा रंग काढत होते. त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

त्या वेळी ते उठून बाहेर आले असते आणि “चंद्राबाई, ते डोळे मी काढलेत” एवढंच म्हणाले असते, तर पुढचं काही घडलं नसतं. पण ते उठले नाहीत. खरं सांगायचं तर ऐकून त्यांना पहिल्यांदा आनंद झाला. बघतायत, म्हणाली ती. साठी उलटलेल्या माणसाचा ऊर भरून आला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, की चौथ्या दगडाचा डावा डोळा केसभर लहान राहिलाय. तो नीट केल्याशिवाय आता झोप लागायची नाही.

शरद मास्तरांनी महाडच्या एका शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली, पण ते आता फारसं कुणाला आठवत नाही. चित्रकलेच्या तासाला गणिताचे मास्तर आपला राहिलेला भाग उरकून घेतात, ही तर सगळ्याच शाळांची रीत. गावात मास्तरांचं नाव होतं ते डोळ्यांसाठी. महादूच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडायच्या, वाळायच्या, रंगायच्या, आणि अगदी शेवटी मास्तर यायचे. डोळे काढायच्या कामाला आखणी म्हणतात. आधी पांढरं, मग पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि सगळ्यांत शेवटी बुबुळात मोहरीहून लहान पांढरा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत समोर माती असते. पडला की तिला कुणी माती म्हणत नाही.

आखणी चालू असताना कारखान्यात रेडिओ बंद असायचा. मास्तर श्वास रोखून एका दमात रेघ ओढायचे. डोळे झाले, की महादू ती मूर्ती लगेच भिंतीकडे तोंड करून ठेवायचा.

“पाठीमागनं कोनतरी बगतंय असं वाटतं मास्तर,” तो म्हणायचा. “मग माझा हात चालत नाय.”

मास्तर हसायचे. त्यांना तसं कधी वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपसांतच काहीतरी चोळायला लागली. आयुष्यात तंबाखूला न शिवलेल्या माणसाची बोटं दिवसभर तंबाखू मळत बसल्यासारखी हलायची. त्या गणपतीत एका मूर्तीची पापणी घसरत गालापर्यंत गेली. महादूनं गुपचूप रंग पुसला. “दमला असाल मास्तर, उद्या करू,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी मास्तर गेले, तर पेणहून आणलेला एक माणूस त्यांच्या पाटावर बसून आखणी करत होता. महादूनं त्यांना चहा पाजला. कप अर्धाच भरलेला होता, हातातून सांडू नये म्हणून.

त्यानंतर तीन गणपती मास्तर त्या गल्लीतून गेले नाहीत. बाजारात जायला लांबचा रस्ता धरायचे. कुणी नमस्कार केला तर मान हलवायचे, हात खिशातून काढायचे नाहीत.

वल्लरी त्यांची जुनी विद्यार्थिनी. पुण्यात मेंदूविकारांची डॉक्टर झाली होती आणि महिन्यातल्या एका रविवारी महाडला येऊन पेशंट तपासायची. “कंपवात आहे सर,” ती म्हणाली. “नव्या गोळ्या आल्यात. देऊन बघू या.” ही दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दिवसाला तीन गोळ्या सुरू झाल्या, मग चार झाल्या. मे महिन्यात एका सकाळी दाढी करताना मास्तरांच्या लक्षात आलं, की आज गाल कुठेही कापलेला नाही. त्यांनी तसाच साबण लागलेल्या तोंडानं पेन घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ ओढली. रेघ सरळ आली. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन अनुपमाबाईंपुढे नुसतं वर्तमानपत्र धरलं.

त्या वर्षी महादूच्या कारखान्यातल्या सगळ्या मूर्तींची आखणी मास्तरांनी केली. पेणच्या माणसाला बोलवावंच लागलं नाही. लोक म्हणाले, असे डोळे आधीसुद्धा नव्हते. शेवटची मूर्ती भिंतीकडे वळवून महादू परत आला तेव्हा दंड चोळत होता.

“आवंदा तोंड फिरवूनबी भागत नाय मास्तर,” तो म्हणाला. “पाठ करून बसल्यात, तरी बगतायत.”

गणपती गेले. हात काही थांबला नाही.

पहिला डोळा भोपळ्यावर निघाला. मास्तरांनी सहज गंमत म्हणून काढला, आणि एकाच डोळ्याचा भोपळा बरा दिसेना म्हणून दुसरा काढला. दुसरा पहिल्याशी जुळेना. पुसून पुन्हा काढला. असं करता करता दुपार गेली आणि अनुपमाबाईंना भाजी दुसरी करावी लागली. मग पाट, पोळपाट, कुलपं, अंगणातली फरशी. कुठलीही गुळगुळीत, किंचित फुगीर वस्तू दिसली, की मास्तरांना ती आंधळी वाटायची. पापण्या मिटलेल्या आहेत आणि आत कुणीतरी वाट बघतंय, असं वाटायचं. एकदा वाटलं, की दुसरं काही सुचत नसे. जेवणाचा घास हातात राहायचा.

आणि अर्धवट सोडून उठायला जावं, तर आत कुणीतरी स्पष्ट म्हणायचं: डोळा अर्धा टाकून उठलास तर घरात कुणाचा तरी डोळा जाईल. घरात होत्या कोण, एकट्या अनुपमाबाई. मास्तरांनी आयुष्यात नवस केले नव्हते, मांजर आडवं गेलं म्हणून ते कधी थांबले नव्हते. हा विचार खुळ्यासारखा आहे हे त्यांना नीट कळत होतं. कळून उपयोग काही नव्हता. ते परत खाली बसायचे.

एकदा अनुपमाबाईंनी त्यांना द्यायला म्हणून गोळ्यांचं पाकीट उघडलं आणि त्यांच्या हातून ते खाली पडलं. पाकिटातल्या प्रत्येक गोळीच्या फुगवट्यावर एक बारीक डोळा होता. दहाच्या दहा डोळे छताकडे बघत होते.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे काय चाललंय तुमचं?”

“हात चालू ठेवायला हवा,” मास्तर म्हणाले. “नाहीतर पुन्हा जाईल.”

अनुपमाबाईंना आवडेल असं उत्तर नव्हतं हे, पण त्या अर्ध्या कपानंतरची तीन वर्षं त्यांनीही पाहिली होती. त्यांनी पाकीट उचललं, एक गोळी काढून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वस्तू फडताळात ठेवायला लागल्या. भोपळा आणायचा त्यांनी बंदच केला.

घर आवरलं गेल्यावर मास्तर बाहेर पडू लागले. पिशवीत ऑइलपेंटचे दोन छोटे डबे, दोन ब्रश, एक चिंधी. सावित्री नदीच्या पात्रात दगड पुष्कळ, पण तिथे धुणं धुणाऱ्या बायका. म्हणून पोलादपूरची एस.टी. पकडायची, वाटेत कुठेतरी उतरायचं, ओढ्याकाठानं वर चालत जायचं. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस होते. असंच एक दिवस कापड्याच्या वर चढून गेल्यावर त्यांना तो ओढा लागला आणि ओढ्यात ओळीनं मांडलेले नऊ दगड दिसले. वाडीकडे जायची ती पायवाट होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ते दगड असे गुळगुळीत झाले होते, की मास्तरांचा हात आपोआप पिशवीत गेला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. वाडीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

सकाळी दहाला ते बसले आणि ऊन कलताना उठले. पाणी, भाकरी कशाचीही आठवण झाली नाही. उजवा डोळा, मग डावा. जुळला नाही तर पुसायचा आणि पुन्हा उजव्यापासून. अठरावा ठिपका पडला तेव्हा ते काठावर आले आणि मागे वळून पाहिलं. त्या क्षणी महादू काय म्हणत होता ते त्यांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. ते नऊ दगड त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या खांद्यावरून, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघत होते. मास्तरांनी मागे वळून पाहायचं धैर्य केलं नाही. पिशवी उचलून ते जवळजवळ पळतच उताराला लागले, आणि तरीही उतरताना मनात घोळत होतं ते हेच, की चौथ्याचा डावा डोळा लहान राहिला.

चंद्राबाई तूप घालून आणि सगळं सांगून गेली, त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तिचा सखा आला. महिना भरला नव्हता आणि त्याच्या हातात किटली नव्हती.

“आय पडली,” तो ओटीच्या पायरीवर बसत म्हणाला. “डोक्यावर गवताचा भारा व्हता. वड्यात पाय सरकला नि मांडीचा हाड मोडला. पोलादपुरास नेली, तिथनं म्हाडला आनली. पलास्टर केलाय.”

अनुपमाबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. “दगड सोडून पाण्यातून गेली म्हणून ना रे?”

“दगडावर कोन पाय द्येतो आता? पर देवीनं राखलंन वयनी. बाजूलाच चौथा दगड. त्यावर डोस्कं आपटलं असतं तर खलासच. आय म्हनते, देवीनं डोळ्यानं धरलंन मला.” तो जरा थांबला. “चौथीचा एक डोळा बारीक हाय. आय म्हनते, ती हसते.”

सखा गेला. अनुपमाबाई बराच वेळ त्या रिकाम्या पायरीकडे बघत उभ्या होत्या. मग त्या आत आल्या आणि मास्तरांच्या समोर बसल्या. त्यांनी मास्तरांचा उजवा हात उचलला, नखं उजेडाकडे धरली आणि परत खाली ठेवला.

“रविवारी वल्लरी येणार आहे,” त्या म्हणाल्या. “तिला सगळं सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.”

वल्लरीनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही ती हसली नाही. दगडांचं ऐकताना तिनं पेन खाली ठेवलं.

“सर, माझी चूक आहे,” ती म्हणाली. “मी फक्त हाताचं विचारत राहिले. हे असं होतं म्हणून आता कुठे आमच्या वाचनात येतंय. ऐका. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. ते आटलं म्हणून तुमचा हात कापत होता. ही गोळी त्या डोपामिनचं सोंग घेते आणि पेशींवर त्याच्यासाठी राखलेल्या जागांवर जाऊन बसते. रिसेप्टर म्हणतात त्यांना. पण त्या जागा मेंदूत एकाच ठिकाणी नसतात. काही हात चालवण्याच्या भागात, काही भलत्याच भागात. गोळीला पत्ता कळत नाही. एकच पत्र सगळ्या घरांत टाकणाऱ्या पोस्टमनसारखी ती सगळीकडे जाते.”

“भलत्या भागात म्हणजे कुठे?”

“हवं-हवंसं वाटणं आणि पुरे वाटणं, हे जिथे ठरतं तिथे. काम झालं की आपल्याला आतून कळतं ना, की झालं, आता ऊठ. तुमच्यात तो उठवणारा झोपलाय. जुन्या माणसांकडे ह्याला मंत्रचळ म्हणायचे. काहींना तो गोळीशिवायच होतो, जन्मभर. तुम्हाला बहुतेक ह्या गोळीनं झालाय. कमी करत बंद केली तर जाईल.”

“आणि हात?”

वल्लरीनं औषधाचा कागद पुढे ओढला. “दुसरी गोळी देईन मी. जेवता येईल, शर्टाची बटणं लागतील. पण…”

“आखणी होणार नाही.”

“नाही सर.”

मास्तरांनी मग जे केलं, त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. ते घासाघीस करायला लागले. अर्धी गोळी चालेल का? फक्त श्रावण-भाद्रपदात घेतली तर? पुढच्या गणपतीपुरती? चौथीत असताना पुस्तकाच्या समासात फुलपाखरं काढणाऱ्या ह्याच पोरीला आपण अंगठे धरून उभं केलं होतं, आणि आज आपण तिच्यापुढे हात पसरून बसलोय, हे त्यांना दिसत होतं. तरी ते मागत राहिले.

“अहो,” अनुपमाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “चंद्राबाई पडलीय.”

मास्तरांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यातले डोळे वर करून ते उताणं पडलं होतं. वल्लरीनं ते हलकेच उलटं केलं.

तेव्हाच वाडीवर जाऊन सांगून टाकावं, असं अनुपमाबाईंचं म्हणणं होतं. मास्तरांनी ऐकलं नाही. चांगला हात घेऊन त्या ओढ्याजवळ जायची त्यांना भीती वाटत होती. तिथे गेलो तर आपण सांगणार नाही, बसून चौथा डोळा नीट करणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आधी हे खूळ जाऊ दे, मग जाऊ, असं त्यांनी ठरवलं. हिशेब बरोबर वाटत होता.

गोळ्या कमी होत गेल्या. संक्रांतीच्या सुमाराला अंगठा आणि तर्जनी पुन्हा तंबाखू मळायला लागली. आणि एका सकाळी परसात तोंड धुताना मास्तरांना धुण्याचा दगड दिसला. ते त्याच्याकडे पाहत राहिले. दगड होता. आंधळा नव्हता, मिटलेला नव्हता, कुणाची वाट पाहत नव्हता. त्यांना आतून किती हलकं वाटलं, आणि त्याच वेळी काहीतरी कायमचं निघून गेल्यासारखं किती वाईट वाटलं, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तोंड पुसताना पंचा त्यांच्या हातून दोनदा पडला.

माघात चंद्राबाईचं प्लास्टर निघाल्याचं कळलं, तेव्हा दोघंही कापड्याच्या एस.टी.त बसली. पिशवीत टर्पेंटाइनची बाटली आणि जुन्या धोतराच्या चिंध्या होत्या. चढ चढताना अनुपमाबाईंनी मास्तरांचा दंड धरला होता.

ओढा ओळखू येईना. काठावर बांबूंवर पताका होत्या. नऊही दगडांना शेंदराची कड केली होती, फुलं होती, नारळाच्या शेंड्या पाण्यात कुजत होत्या. काठावरची ओली माती पावलांनी तुडवली गेली होती आणि दगडांवर मात्र एक पाऊल नव्हतं. त्या सगळ्यातून नऊ जोड्या बघत होत्या. पाणी हललं की बुबुळं हलल्यासारखी वाटायची. अनुपमाबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. त्या हे पहिल्यांदाच बघत होत्या.

“तुम्ही काढलेत हे?” त्या म्हणाल्या. नवरा आहे हे विसरून विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

सखा आला, त्याची बायको आवडी आली, मागनं काठी टेकत चंद्राबाई आली. “वयनी, मास्तर, दर्शनाला आलाव? बरं केलात.”

मास्तरांनी तिथंच, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लग्नाच्या दिवशी आपण आलो, ब्रश होता, रंग होता, औषधानं डोकं फिरलं होतं. ही देवी नाही. तुमचेच पायाखालचे दगड आहेत. आपल्यापायी चंद्राबाईचा पाय मोडला. वाडीतली पाच-सात माणसं जमली होती, ती ऐकत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग यायच्या ऐवजी काहीतरी दुसरंच येत होतं.

मास्तर खाली वाकले. टर्पेंटाइनची चिंधी पहिल्या दगडाकडे नेली, तसा त्यांचा हात जोरात कापायला लागला. वाकलं की हल्ली तो तसाच कापायचा.

“बगा, बगा,” आवडी मागे सरत म्हणाली. “हात कसा कापतोय. आई पुसू द्येत नाय.”

“अगं, हा आजार आहे माझा.”

“नका हो मास्तर,” चंद्राबाई म्हणाली. तिच्या आवाजात गयावया होती. “तिचं डोळं पुसलंत, तर आमचं जातील. नातवंडं हायत घरात.”

मास्तरांच्या हातातली चिंधी थांबली. ह्या वाक्याचं वजन त्यांच्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. हे खोटं आहे म्हणून कुणाला समजावून सांगता येत नाही, हेही त्यांना माहीत होतं. ते सरळ झाले.

सखानं काठावरचा एक गोटा उचलून त्यांच्यापुढे ठेवला. तो उद्धटपणे बोलला नाही. “तुमी काढलं म्हनता, तर एक काढून दावा. मग आमी समदी दगडांवर पाय देऊ.”

रंग नव्हता. आवडीनं घरातून काजळाची डबी आणली, कुणीतरी काडीला कापूस गुंडाळून दिला. मास्तर गोट्यापुढे बसले. त्यांनी श्वास रोखला. चाळीस वर्षं हा श्वास रोखला, की जग थांबायचं. काडी दगडाला टेकली आणि सुटली, पुन्हा टेकली, आणि दगडावर मुंगी भरकटावी तशी एक काळी रेघ उमटत गेली. मास्तरांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. दोन्ही हात कापायला लागले. अनुपमाबाईंनी मान फिरवली.

कुणी हसलं नाही. चंद्राबाई मोडक्या पायानं कष्टानं खाली बसली, त्यांच्या बोटांतून काडी काढून घेतली आणि पदरानं त्यांच्या हातावरचं काजळ पुसलं.

“असूं द्या मास्तर,” ती म्हणाली. “आजारात मानसाला कायबी वाटतं.”

मास्तर उठले. त्यांनी चपला काढून अनुपमाबाईंच्या हातात दिल्या. “मी जाऊन दाखवतो,” ते म्हणाले. “तुम्ही बघा.” आणि कुणाला कळायच्या आत त्यांनी पहिल्या दगडावर पाऊल ठेवलं.

बायका मागे सरल्या. सखा पुढे झाला, पण चंद्राबाईनं त्याला हातानं अडवलं. दगड गार होता आणि शेंदराच्या तेलानं बुळबुळीत झाला होता. तळव्याखाली रंगाचा जाड थर लागत होता. मास्तरांना वाटलं होतं त्याहून ते फार कठीण होतं. आपण काढलेल्या डोळ्यांवर आयुष्यात त्यांचा कधी चुकून धक्कासुद्धा लागला नव्हता. दुसरा दगड. तिसरा. चौथ्यावर पाय ठेवताना त्यांचा तोल गेला आणि ते एका बाजूला कलले.

चंद्राबाई काठी टाकून पाण्यात शिरली. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं, लुगडं भिजलं. तिनं खालून त्यांचा हात पकडला.

“वर ये चंद्राबाई,” मास्तर म्हणाले. “पाण्यात उभी राहू नकोस. इथे दगडावर ये. काही होत नाही, बघ, मी उभा आहे.”

“व्हय, व्हय,” ती म्हणाली. “तुमी चला पुढं. मी हाय.”

ते पाचव्या दगडावर गेले. ती शेवाळातून एकेक पाऊल चाचपत बरोबर चालली. पलीकडचा काठ येईपर्यंत अशीच दोघं गेली, मास्तर वरून, कोरड्या पायांनी, आणि चंद्राबाई खालून पाण्यातून, त्यांचा कापणारा हात आपल्या हातात घट्ट धरून.